डोंगरउतारावरची शेती: इंदूरच्या नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

इंदूरच्या मराठी घरांत निवृत्ती जवळ आली की एक विषय हमखास निघतो. महूच्या पुढे, मानपूरकडे किंवा चोरलच्या बाजूला दोन-चार एकर घ्यायचे आणि घरचं धान्य, घरची फळं पिकवायची. पावसाळ्यात जानापावच्या टेकडीवर किंवा पातालपाणीच्या धबधब्यावर एक चक्कर झाली की या विचाराला आणखी जोर चढतो. जुलैत हिरवीगार दिसणारी ती टेकडी मार्च-एप्रिलमध्ये कशी दिसते, हे मात्र सौदा करण्याआधी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ज्यांनी अशी जमीन घेतली आहे, वारशाने मिळवली आहे किंवा घ्यायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

माळव्याच्या सपाट काळ्या रानात वाढलेला माणूस विंध्याच्या कडेला आला की गोंधळतो. इथे पठार संपतं आणि जमीन निमाडकडे उतरते. जानापावच्या एका अंगाचं पाणी चंबळेतून गंगेकडे जातं, तर चोरल नदी नर्मदेला मिळते. माती हातभर खोल असली तर नशीब समजायचं. खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा काळा खडक. इथे सोयाबीन-गव्हाचं ठरलेलं गणित चालत नाही आणि गावातल्या अनुभवी माणसाचा सल्लाही शेत बदललं की बदलतो.

आधी कागद

महाराष्ट्रातल्यासारखी शेतकरी असल्याच्या दाखल्याची अट मध्य प्रदेशात नाही, त्यामुळे शहरी माणूसही शेतजमीन घेऊ शकतो. याच सोयीमुळे लोक बेफिकीर होतात. सातबाऱ्याच्या जागी इथे खसरा (गट क्रमांकाची नोंद), बी-1 (खात्याचा उतारा) आणि नकाशा पाहायचा असतो. तिन्ही ऑनलाइन मिळतात, पण नकाशा घेऊन पटवाऱ्याबरोबर, म्हणजे इथल्या तलाठ्याबरोबर, प्रत्यक्ष रानात फिरल्याशिवाय विसार देऊ नका. उतारावरच्या जमिनीच्या हद्दी ओढा, पायवाट, एखादं मोहाचं झाड अशा खुणांवर चालत आलेल्या असतात आणि कागदावरची रेघ वेगळीच निघते. खरेदीनंतर नामांतरण, म्हणजे फेरफार, झालं की लगेच तहसीलमध्ये सीमांकनाचा, म्हणजे हद्दीच्या मोजणीचा, अर्ज द्या.

तीन गोष्टी विशेष तपासा. विकणारा आदिवासी भूमिस्वामी, म्हणजे जमीनमालक, असेल तर भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 165 चं बंधन येतं. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी आणि धारचा मोठा भाग अशा अनुसूचित क्षेत्रात ती जमीन बिगर-आदिवासीला घेताच येत नाही, आणि इतरत्र कलेक्टरची लेखी परवानगी लागते. "नंतर करून घेऊ" म्हणणाऱ्या दलालाला तिथूनच नमस्कार करावा. कायद्याची बाजू तर आहेच, पण हे बंधन ज्यांच्यासाठी केलं आहे त्यांच्या रानावर आडवाटेने हक्क सांगणं मला साफ नामंजूर आहे. दुसरी गोष्ट जंगलाची हद्द. चोरल-मानपूर पट्ट्यात बरीच शेतं वनविभागाच्या जमिनीला लागून आहेत. मुनारे, म्हणजे वनहद्दीचे खांब, कुठे आहेत ते बघा आणि त्यांच्या आत एक खड्डाही खणू नका. तिसरी गोष्ट वाजिब-उल-अर्ज. गावाच्या वहिवाटी, म्हणजे कुणाची वाट कुठून, गुरं पाण्यावर कुठून जातात, हे त्यात नोंदलेलं असतं. तुमच्या शेतातून गावाची वाट जात असेल तर ती राहणारच. कुंपण घालून भांडण ओढवून घेण्यापेक्षा वाट धरूनच आखणी करा.

एक पावसाळा नुसता पाहण्यात घालवा

हा सल्ला कुणालाच आवडत नाही. जमीन हातात आल्यावर बोअर, खोली आणि फाटक या तीन गोष्टींची घाई झालेली असते. पण पहिल्या पावसाळ्यात जोराची सर येताच छत्री घेऊन रानात जा आणि पाणी कुठून येतं, कुठे गोळा होतं, कुठे वळतं आणि कुठे माती कापतं ते पाहा. ओघळींची जागा चुन्याने किंवा खुंट्या ठोकून दाखवून ठेवा.

इंदूरला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे एका एकरावर वर्षाला जवळपास 38 लाख लिटर पाणी पडतं, आणि वरच्या टेकडीवरून वाहत येणारं वेगळंच. तरीही फेब्रुवारीत टँकर बोलवावा लागतो, कारण हे पाणी मोजक्या दिवसांत, मोठ्या सरींनी येतं आणि जाताना माती घेऊन जातं. बोअरच्या भरवशावर राहू नका. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांत असतं. शेजाऱ्याला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही, आणि लागलं तरी वर जिरलंच नसेल तर चार वर्षांनी आटतं.

याच काळात मातीचा नमुना घ्या. उतारावर एकच नमुना निरुपयोगी ठरतो. माथा, मधला उतार आणि पायथा यांचे तीन वेगळे हवेत. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी वीतभर, म्हणजे साधारण 15 सेंमी खोल, व्हीच्या आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची पातळ चकती काढायची. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांधाजवळ, झाडाखाली आणि शेणखताचा ढीग होता तिथे नमुना घेऊ नका. नमुना माती परीक्षणाला दिला की सॉइल हेल्थ कार्डावर बारा बाबींचे आकडे येतात. ते घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर समोरचा माणूस तुमच्याशी नेमकं बोलू शकतो.

शिकायचं कुठे

या बाबतीत इंदूरसारखं भाग्य थोड्या शहरांना मिळालं आहे. खंडवा रोडवर कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र आहे आणि त्याच रस्त्यावर राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था. शहरातलं कृषी महाविद्यालय ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाखाली येतं आणि तिथे कोरडवाहू शेतीचं अखिल भारतीय समन्वित संशोधन केंद्र चालतं. उथळ जमिनीसाठी हे केंद्र मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. शहरी लोकांना नेमकं तेच माहीत नसतं.

कृषी विज्ञान केंद्रात नुसतं "प्रशिक्षण कधी आहे?" असं विचारू नका. प्रश्न घेऊन जा: माझ्या जमिनीला इतका उतार आहे, माती इतकी खोल आहे, खाली मुरूम आहे. तुमच्यासारखे पंधरा-वीस शेतकरी जमले तर केंद्राकडे त्या विषयावर वेगळं प्रशिक्षण मागता येतं. तुमच्या गावाचे ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी, ज्यांना सगळे आरएईओ साहेब म्हणतात, त्यांचा नंबर घेऊन ठेवा. कृषी विस्ताराच्या आत्मा योजनेतले अभ्यासदौरे त्यांच्याकडूनच कळतात. अडल्यावेळी किसान कॉल सेंटर आहे: 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10.

पाणलोटाचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर देवास जिल्ह्यातल्या बागली भागात जा. समाज प्रगती सहयोग ही संस्था तिथल्या आदिवासी गावांत 1990 च्या दशकापासून हेच करत आली आहे आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनाही शिकवते. आधी विचारून जा. सनावदियाला जनक पलटा मॅकगिलिगन यांचं जिमी मॅकगिलिगन केंद्र आहे. सौर चूल, सौर वाळवणी आणि रसायनाशिवाय घरापुरती शेती तिथे जवळून बघता येते.

माथ्याकडून पायथ्याकडे

मुख्य काम हे. उतारावरच्या शेतात प्रत्येक गोष्ट वरून खाली करत यायची असते. पायथ्याला शेततळं आधी खणलं तर दोन पावसाळ्यांत ते गाळाने भरतं, मग पुन्हा जेसीबी. माथ्यावर पाण्याचा वेग मोडला की खालचं निम्मं काम सोपं होतं.

समपातळी रेषा, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरून जाणारी रेघ, आखायला इंजिनिअर लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वर बांधायचे, मध्ये आडवी काठी, आणि टोकातून दगड बांधलेली दोरी सोडायची. हा झाला ए-फ्रेम. सपाट जागी दोन्ही पाय टेकवून दोरी आडव्या काठीवर कुठे येते तिथे खूण करा, मग पाय उलटसुलट करून दुसरी खूण करा. दोन्हींच्या मधोमध खरी पातळी. आता उतारावर एक पाय ठेवायचा, आणि दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत दुसरा पाय वर-खाली सरकवायचा. मिळाली जागा की खुंटी ठोकायची आणि पुढे चालायचं. वाऱ्यात दोरी हलते, म्हणून हे सकाळी करा. दोघं जण एका दिवसात बरंच रान आखतात. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतात तसंही चालतं.

माथ्यावरच्या मुरमाड, न पेरायच्या पट्ट्यात या रेषेवर चर काढा: 60 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल, सलग न काढता तुटक. असा 3 मीटरचा एक चर भरला की साधारण 800 लिटर पाणी थांबतं. माती नेहमी खालच्या बाजूला टाकायची आणि चराच्या काठापासून वीतभर सोडून, नाहीतर पहिल्याच सरीत ती परत आत. त्या मातीवर लगेच गवताचं बी फेका. मारवेल गवत लावा, गिरिपुष्पाच्या फांद्या खोचा, वाळा मिळाला तर उत्तम.

पिकाच्या रानात मात्र हे चर काढू नका. तिथे लोक आणखी एक घोटाळा करतात: यूट्यूबवर पाहून समपातळी बांध घालतात. हलक्या जमिनीत आणि कमी पावसाच्या मुलखात ते योग्य आहेत. आपल्याकडच्या काळ्या, चिकट मातीत बांधामागे पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात बांधाला भेगा जातात. इथे ढाळीचे बांध हवेत: दर 100 मीटरला 20 ते 40 सेंमी उतार देऊन पाणी हळूहळू बाजूच्या गवताळ नाल्याकडे न्यायचं. जिथे ते बाहेर पडतं तिथे दगडी सांडवा, म्हणजे जादा पाण्याची पक्की वाट, केलाच पाहिजे. सांडव्याशिवायचा बांध हमखास मध्येच फुटतो आणि नवी ओघळ तयार होते.

ओघळीत अनघड दगडांचे छोटे बांध घाला. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत आला पाहिजे. ओघळीला दहा टक्के उतार असेल आणि बांध मीटरभर उंच असेल तर दोघांत 10 मीटर अंतर. उतार पाच टक्के आणि बांध पाऊण मीटरचा असेल तर 15 मीटर. बांध मध्ये खोलगट ठेवा, दोन्ही टोकं काठात घुसवा, मोठे दगड खालच्या अंगाला लावा. मध्ये उंच आणि कडेला बुटका बांध म्हणजे पाण्याला काठ कापण्याचं आमंत्रण.

शेततळं सगळ्यात शेवटी. देवासच्या काळ्या रानात 2006 पासून रेवासागर नावाने शेततळी झाली आणि त्यांनी तिथली रब्बी बदलली. ते बघून विंध्याच्या मुरमात तळं खणणाऱ्याला अस्तराचा प्लास्टिक कागद घालावाच लागतो. तो खर्च धरूनच निर्णय घ्या.

शेजाऱ्यांकडून शिकायचं आणि त्यांच्या बरोबर करायचं

ओघळ तुमच्या शेतात सुरू होत नाही आणि संपतही नाही. वरच्याने काही केलं नाही तर तुमचे दगड वाहून जातील. त्यामुळे आखणीच्या आधी वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याकडे चहाला जाऊन या. भिल्ल-भिलाला शेतकऱ्यांना हा उतार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कोणत्या पट्ट्यात ज्वारी टिकते, कुठे दलदल होते, कोणत्या महिन्यात गुरं मोकळी सुटतात, हे कोणत्याही पुस्तिकेत नाही. शहरातून आलेला माणूस त्यांच्याशी "अरे-तुरे" करतो तेव्हा मला लाज वाटते. वयाने मोठ्याला दादा-काकाच म्हणावं. काम तर होतंच, माणूसही जोडला जातो.

झाबुआत हलमा नावाची जुनी रीत आहे. एखाद्याला काम एकट्याने झेपत नसेल तर तो हाक देतो आणि गाव मजुरी न घेता हात लावतं. शिवगंगा या संस्थेचे महेश शर्मा यांनी ही रीत पाण्याच्या कामाला जोडली. हाथीपावा टेकडीवर हजारो लोकांनी येऊन चर खणले. 2019 मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली. पण तुम्ही नवखे असताना लगेच हलमा बोलवायचा नसतो. आधी दुसऱ्याच्या कामाला जायचं असतं.

खत घरचं, तेही इंदूर पद्धतीचं

उथळ मातीला सेंद्रिय भर लागतेच, आणि कंपोस्टची जगभर गाजलेली पद्धत आपल्याच शहरात जन्मली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जागेत संशोधन संस्था सुरू केली, तेच आजचं कृषी महाविद्यालय. पालापाचोळा, तण आणि धसकटांचा थर, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख. पाणी शिंपडत थर चढवायचे. पंधरवड्याने पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांत खत तयार. ढीग पायथ्याला लावू नका, शेताच्या वरच्या टोकाला सावलीत लावा. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन चढ चढायला लागल्यावर कारण कळतंच.

काय पेरायचं

खोल मातीच्या चिंचोळ्या पट्ट्यात सोयाबीन चालेल. तेही जेएस 20-34 सारखं लवकर येणारं आणि रुंद वाफा-सरीवर, म्हणजे जास्त पाऊस झाला तर निचरा होतो आणि खंड पडला तर सरीत ओल राहते. सुमारे 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बाकीच्या रानात मका-तूर, ज्वारी-तूर, उडीद, तीळ आणि अगदी बरड जागी कोद्रा-कुटकीसारखी भरड धान्यं. उताराला आडवी पेरणी करायची, हे सांगायची गरज नसावी, पण ट्रॅक्टरवाला सोयीसाठी वर-खाली तास मारतो. तो आला की स्वतः हजर राहा.

फळझाडांत नवख्याने सीताफळापासून सुरुवात करावी. त्याला उथळ मुरूम चालतो, पाणी कमी लागतं आणि शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. अडचण एकच, फळ पिकलं की दोन-तीन दिवसांत विकावं लागतं. जोडीला आवळा आणि शेवगा लावा. रोजडे (नीलगाई) आणि रानडुकरं हा इथला खरा त्रास आहे. मक्याची राखण करायला रात्री कोण थांबणार, हे मका पेरण्याआधी ठरवा.

योजना आणि पैसे

सरकारी भाषेत "डोंगरी" म्हटलं की बहुधा हिमालय आणि ईशान्येची राज्यं येतात. सह्याद्रीसाठीही वेगळा कार्यक्रम होता. विंध्याचा उतार त्यात बसत नाही. डोंगरी शेतकऱ्याची सवलत शोधत वेळ घालवू नका. पाणलोट, कोरडवाहू, सूक्ष्म सिंचन आणि सेंद्रिय शेती या नावांनी विचारा.

ठिबक-तुषारला केंद्राच्या योजनेत लहान-सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. अर्ज उद्यानिकी विभागाच्या पोर्टलवर होतो. अवजारांसाठी ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टल आहे: आधी धरोहर, म्हणजे अनामत, रकमेचा डिमांड ड्राफ्ट, मग लॉटरी. मंजुरी येण्याआधी अवजार विकत घेतलंत तर अनुदान बुडालं म्हणून समजा. पीकविम्यात शेतकऱ्याचा हप्ता खरिपात 2 टक्के, रब्बीत दीड टक्का. गारपिटीसारखं स्थानिक नुकसान झालं तर 72 तासांत कळवावं लागतं. सहकारी सोसायटीचं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही.

पीएम-किसानबद्दल निवृत्त मंडळी फार विचारतात. आयकर भरणारे आणि महिना 10,000 किंवा जास्त पेन्शन घेणारे बहुतेक सगळे त्यातून बाहेर आहेत. राज्याची जोड रक्कमही त्याच यादीवर चालते. विषय संपला.

सेंद्रियचं प्रमाणपत्र एकट्याला महाग पडतं. पीजीएस या सहभागी हमी पद्धतीत निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि खर्च नगण्य येतो. परंपरागत कृषी विकास योजनेत 20 हेक्टरचा समूह लागतो, म्हणजे पुन्हा शेजारी आलेच.

वर्षाची आखणी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तण-पाचोळा भरपूर असतो, तेव्हा खताचे ढीग लावा. डिसेंबर-जानेवारीत प्रशिक्षणं आणि अभ्यासदौरे उरका, कारण तेव्हा अधिकारीही सापडतात. फेब्रुवारीत ए-फ्रेम घेऊन आखणी. भगोरिया (होळीआधीचे आदिवासी मेळे) आणि होळीच्या आठवड्यात मजूर मिळणार नाहीत, ते गावी जातात. बोलणी त्याआधी करून ठेवा आणि खोदाई होळीनंतर लावा. मे महिन्यात सीताफळाचे खड्डे उन्हात तापू द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सांडव्यांचे दगड बसलेले असावेत. पहिली मोठी सर ओसरली की फावडं घेऊन सगळ्या बांधांवर एक फेरी मारा. फट दिसेल तिथे त्याच दिवशी दगड भरा, दुसऱ्या सरीपर्यंत थांबू नका.